बुलसारा ते मर्क्युरी : एका आडनावाचा इतिहास

१/
वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे), दुसरी वर्धा–नागपूर लोहमार्गावरची सिंदी (रेल्वे). या दुसऱ्या सिंदीची ओळख कंसातल्या शब्दाने ठरते, आणि तो शब्द ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची आठवण आहे. ही रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. गावांच्या नावांत साम्राज्याचा इतिहास असा मुरलेला असतो. माणसांच्या आडनावांतही असतो. आजचा धागा अशाच एका आडनावाचा आहे, जे जगातल्या अत्यंत प्रसिद्ध रॉक गायकाने टाकून दिले.

२/
आडनाव होते बुलसारा. दक्षिण गुजरातमधले वलसाड इंग्रजी कागदपत्रांत ‘बुलसार’ म्हणून नोंदले जाई. तिथला तो बुलसारा. पारशी समाजात गावावरून आणि धंद्यावरून आडनावे पडण्याची रीत जुनी आहे, म्हणून भरुचा, सुरती, दारूवाला. फारोख बुलसारा याचा जन्म मात्र वलसाडपासून समुद्रापार, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर, ५ सप्टेंबर १९४६ रोजी झाला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले.

३/
‘फ्रेडी मर्क्युरी आपला होता’ अशा आशयाच्या पोस्ट त्याच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला नेमाने फिरतात. त्यांत पाचगणीचा उल्लेख असतो, एखादे शाळकरी छायाचित्र असते आणि अभिमान असतो. अभिमानाला हरकत नाही. पण ‘आपला’ या शब्दात नेमके कोण बसते, हा प्रश्न या माणसाच्या बाबतीत फार अवघड आहे. त्याचे आयुष्य आजच्या कोणत्याही एका देशाच्या नकाशात मावत नाही.

४/
झांझिबार १८९० पासून ब्रिटिश संरक्षित प्रदेश होता. गादीवर ओमानी अरब वंशाचा सुलतान, कारभार ब्रिटिशांचा, लवंगेच्या व्यापारात कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांची पेठ, आणि बहुसंख्य प्रजा आफ्रिकी. या उतरंडीत पारशी संख्येने मूठभर होते, परंतु इंग्रजी शिक्षणामुळे सरकारी कचेऱ्यांत त्यांना स्थान होते. फारोखचे वडील बोमी बुलसारा हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आई जेर. धाकटी बहीण काश्मिरा. घर सुखवस्तू होते, नोकरचाकर होते. अशा कुटुंबाला मुलाच्या शिक्षणासाठी जी जागा स्वाभाविक वाटली, ती लंडन नव्हती. ती मुंबई राज्यातली एक टेकडी होती.

५/
पाचगणी वसवण्याचे श्रेय १८६० च्या दशकात तिथे आलेल्या जॉन चेसन या इंग्रजाला दिले जाते. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणे अशक्य होई. पाचगणी त्यामानाने कोरडी, म्हणून बारमाही वस्तीला सोयीची. त्यामुळे इथे आधी निवृत्त युरोपीय, मग निवासी शाळा आणि क्षयरोग्यांची आरोग्यधामे आली. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांचे बेल-एअर आरोग्यधाम १९१२ चे. म्हणजे पारशी कुटुंबांना ही टेकडी आधीपासूनच परिचयाची होती. सेंट पीटर्स ही विसाव्या शतकाच्या आरंभीची, मुळात युरोपीय मुलांसाठी काढलेली शाळा. इंग्लंडमधल्या पब्लिक स्कूलचा सगळा थाट तिने सह्याद्रीत आणला होता.

६/
वयाच्या आठव्या वर्षी, १९५४-५५ च्या सुमारास, फारोख या शाळेत दाखल झाला. झांझिबारहून मुंबईपर्यंत अरबी समुद्रातला बोटीचा प्रवास, तिथून पुणे, मग वाई आणि पसरणीचा घाट. आठ वर्षांच्या मुलाला आईवडिलांपासून एका महासागराच्या अंतरावर ठेवणे आज क्रूर वाटते. वसाहतींतल्या नोकरदार वर्गाला ते रीतीचे वाटे. सुट्ट्यांत तो बहुधा मुंबईच्या नातेवाइकांकडे राही. झांझिबारला जाणे क्वचित घडे.

७/
शाळेतच त्याला ‘फ्रेडी’ हे नाव पडले. वरच्या जबड्यात जास्तीचे दात असल्याने पुढे आलेल्या दातांवरून त्याला चिडवले जाई. या दातांची लाज त्याला पुढे आयुष्यभर वाटली. हसताना तो हात किंवा ओठ तोंडावर ओढी. तरीही ते कधी सरळ करून घेतले नाहीत, कारण जबड्याची रचना बदलली तर आवाज बदलेल ही भीती. मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, चित्रकला, नाटके या सर्वांत तो पुढे होता. पण शाळेच्या लक्षात राहिले ते त्याचे संगीत. मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहून वेगळ्या शुल्कात पियानोचे शिक्षण सुचवले. पियानोच्या परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत उत्तीर्ण झाला. औपचारिक संगीतशिक्षण म्हणता येईल असे त्याच्या पदरात एवढेच, आणि ते साताऱ्याच्या डोंगरात मिळालेले.

८/
१९५८ मध्ये पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. ब्रूस मरे गाई, डेरिक ब्रँच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा ढोल सांभाळी, फारंग इराणीने चहाच्या पेटीला दांडा व तार लावून केलेले खर्जाचे वाद्य घेतले होते. फ्रेडी पियानोवर. लक्षात घ्या, मुख्य गायक तो नव्हता. पुढे ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती. इराणींचे पुण्यातले उपाहारगृह पुणेकरांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. एका शाळकरी वाद्यवृंदातून निघालेल्या या वाटा पाहिल्या की त्या शाळेत कोणकोणत्या देशांची मुले एकत्र येत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

९/
हे सगळे वाजवीत काय? एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो, क्लिफ रिचर्ड. यांतला क्लिफ रिचर्ड म्हणजे १९४० साली लखनऊमध्ये जन्मलेला हॅरी वेब. जन्मगाव आणि जन्मनाव दोन्ही मागे टाकून तो ब्रिटनचा पहिला मोठा रॉक-अँड-रोल तारा झाला होता, आणि पाचगणीतला झांझिबारी पारशी मुलगा त्याची गाणी पियानोवर बसवत होता. इतिहास कधी कधी असा चेष्टेखोर असतो.

१०/
ही गाणी डोंगरावर पोहोचली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १९५२ पासून माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ‘विविध भारती’ ऑक्टोबर १९५७ मध्ये सुरू झाली ती या गळतीला बांध घालण्यासाठी. तोवर सिलोनच्या लघुलहरींनी हिंदी गीतांबरोबर इंग्रजी लोकप्रिय गाणीही भारतभर पसरवली होती. वर्ध्याच्या माळरानावर आणि पाचगणीच्या वसतिगृहात एकाच केंद्राचा आवाज पोहोचत होता. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल फ्रेडी लगेच पियानोवर काढून दाखवी, असे त्याचे सहाध्यायी सांगत.

११/
लता मंगेशकरांच्या गाण्याचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता, हे विधान मराठी समाजमाध्यमांवर विशेष आवडीने पुढे ढकलले जाते. त्या काळी भारतात आठ-नऊ वर्षे काढलेल्या मुलाच्या कानावर लताबाईंचा आवाज पडला नसेल, हे संभवत नाही. परंतु कानावर पडणे आणि प्रभाव पडणे यांत अंतर आहे. हेक्टिक्सच्या यादीत आणि त्याच्या नंतरच्या रचनांत दिसतो तो रॉक-अँड-रोल, इंग्रजी संगीतिका आणि ऑपेरा. दुव्याची हौस म्हणून पुरावा ताणू नये.

१२/
तो पाचगणीत असताना टेकडीच्या पायथ्याशी वेगळाच इतिहास घडत होता. प्रतापगडावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने पसरणी घाटात आणि पोलादपूरला प्रचंड निदर्शने केली. शाळेची मुले ज्या घाटाने वर येत, तोच हा घाट. त्याच्या तळाशी असलेले पसरणी हे शाहीर कृष्णराव साबळे यांचे जन्मगाव. राज्य स्थापन झाले त्या १९६० च्या सुमारास त्यांचा आवाज महाराष्ट्राचा आवाज झाला. घाटाच्या खाली लोकांना हातात धरून गाणारा एक कलावंत, घाटाच्या वर लोकांना हातात धरायला शिकणारा दुसरा. दोघांच्या जगांत भाषेची आणि वर्गाची भिंत होती. म्हणूनच फ्रेडीला ‘महाराष्ट्राचा सुपुत्र’ म्हणण्यापूर्वी थबकावे लागते. तो मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्यातून गेला, पण इंग्रजी शाळेच्या आवाराबाहेर, वाई-पसरणीच्या त्या महाराष्ट्राशी, त्याचा संबंध बेताचाच राहिला.

१३/
मग पाचगणीने त्याला दिले काय? आईबापांविना वाढलेल्या मुलाला मंचावर स्वतःची जागा मिळते, हे त्याला तिथे कळले. एरवी तो संकोची होता, असे त्याला ओळखणारे सर्वजण सांगतात. संकोची मुलगा आणि मंचावरचा बेधडक कलावंत ही विभागणी लंडनमध्ये तयार झाली नाही. ती वसतिगृहातली आहे.

१४/
अभ्यास घसरल्यावर १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला झांझिबार स्वतंत्र झाले आणि जेमतेम महिनाभराने, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती झाली. सुलतान जमशीद पळाला. शतकानुशतकांच्या गुलामगिरीचा आणि विषमतेचा राग अरब व दक्षिण आशियाई कुटुंबांवर कोसळला; हजारोंचा बळी गेला. त्या रागाला कारणे होती, आणि मेलेल्यांत निरपराधही होते. ही दोन्ही वाक्ये एकदम खरी आहेत. बुलसारा कुटुंब सामानाच्या काही पेट्या घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या पश्चिम टोकाला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये स्थिरावले. फारोख तेव्हा सतरा वर्षांचा होता.

१५/
ते भारतात का परतले नाहीत? कारण परतण्यासारखे इथे काही नव्हते. वलसाड हे आडनावात होते. नोकरी, निवृत्तिवेतन आणि पासपोर्ट ब्रिटिश होते. पूर्व आफ्रिकेतल्या हजारो आशियाई कुटुंबांनी पुढच्या दहा वर्षांत हाच हिशेब केला.

१६/
आणि इथे या कथेचा गाभा आहे. ज्या ब्रिटनमध्ये हे कुटुंब उतरले, तो देश आपल्याच साम्राज्याच्या प्रजेला दारे बंद करत होता. १९६२ चा कॉमनवेल्थ स्थलांतरित कायदा, केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांना अडवण्यासाठी घाईघाईने केलेला १९६८ चा कायदा, त्याच वर्षी २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेलचे कुप्रसिद्ध भाषण. १९६९-७० मध्ये दक्षिण आशियाई दिसणाऱ्या माणसांना रस्त्यात गाठून मारण्याची लाट आली. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली या कामगाराचा कामावरून घरी परतताना खून झाला.

१७/
याच काळात फारोख ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, हीथ्रोवर सामान उचलण्याचे काम केले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले, दोन-तीन वाद्यवृंदांत गायला. १९७० मध्ये तो ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांना सामील झाला. ‘क्वीन’ हे नाव त्याचे, राशिचिन्हांचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. जॉन डीकन १९७१ मध्ये आला. आणि १९७० च्याच सुमारास बुलसारा गेले, मर्क्युरी आले.

१८/
या बदलाची नेहमीची हकीकत अशी, की पहिल्या अल्बममधील ‘माय फेअरी किंग’ या गाण्यातल्या शब्दावरून त्याने हे नाव घेतले. ब्रायन मे यांनी तसे सांगितले आहे. पण ‘मर्क्युरी का’ याचे हे उत्तर झाले. ‘बुलसारा का नाही’ याचे नव्हे. मंचासाठी नाव बदलणे हा त्या धंद्याचा रिवाजच होता, हे मान्य. तरी तोसिर अलीच्या खुनाचे वर्ष आणि बुलसारा पुसले जाण्याचे वर्ष एकमेकांना इतके चिकटलेले असताना हा केवळ रिवाज मानणे भाबडेपणाचे ठरेल. झुबिन मेहता या मुंबईकर पारशाला त्याच काळात आपले नाव घेऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे संचालन करता आले. अभिजात संगीताच्या सभागृहात परकेपण खपत होते. तरुणांच्या भिंतीवर लावायच्या भित्तिचित्रात ते खपले असते का?

१९/
पुढे मुलाखतींत तो मूळ सांगायचे टाळी किंवा गमतीने स्वतःला पर्शियन म्हणे. यावर ‘त्याला भारताची लाज वाटे’ असा निकाल अनेकजण देतात. हा निकाल आपण सुरक्षित अंतरावरून देतो. पर्शियन म्हणणे खोटेही नव्हते. हजार वर्षांपूर्वी इराणहून गुजरातच्या किनाऱ्याला लागलेल्या समाजाचा तो वंशज होता. त्याने आपल्या इतिहासातून एक खरा तुकडा निवडला आणि धोक्याचा तुकडा खिशात ठेवला. घरी मात्र तो फारोखच राहिला. आईच्या हातचे जेवायला फेल्टमला जाई.

२०/
यशाचा तपशील सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पहिला अल्बम १९७३. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पावणेसहा मिनिटांहून लांब. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही असे सांगितले गेले आणि ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९७७ ची ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही जोडी, जी आज क्रीडांगणांची सार्वजनिक मालमत्ता झाली आहे. १९७८ च्या ‘जॅझ’ अल्बमची सुरुवातच ‘मुस्तफा’ने होते. त्यातला अरबी-फारसी वळणाचा स्वर ऐकताना झांझिबारच्या स्टोन टाउनमधल्या अजानीची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाव बदलता येते, कान बदलत नाहीत.

२१/
कौतुकाच्या लेखांत सहसा न येणारी एक गोष्ट. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला होता. ब्रिटिश संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. आम्ही राजकारण करत नाही, सर्वांसाठी वाजवतो, हा त्यांचा बचाव होता. तो पटण्यासारखा नाही. आफ्रिकेत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या माणसाने सन सिटीच्या मंचावर उभे राहणे ही या चरित्रातली सर्वांत खुपणारी विसंगती आहे. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, आणि ते वर्ष १९४६ होते. फारोखचे जन्मवर्ष.

२२/
नऊ महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बलीवर लाइव्ह एड झाले. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस-एकवीस मिनिटे. दिवसाचा उजेड, स्वतःची प्रकाशयोजना नाही, समोर सुमारे ७२,००० माणसे. फ्रेडी आधी पियानोला बसला आणि मग उठून अर्धा दांडा असलेला ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्याने संपूर्ण मैदानाकडून स्वरामागून स्वर म्हणवून घेतला. कीर्तनकार श्रोत्यांना टाळीत घेतो, शाहीर झीलकऱ्यांकडून ध्रुपद उचलून घेतो. ती विद्या ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या चित्रफितीत काय चालले आहे हे लगेच उमगते. सन सिटीचा डाग या वीस मिनिटांत लोकांच्या स्मरणातून धुऊन निघाला. इतिहासातून निघू नये.

२३/
क्वीनबरोबरचा त्याचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला झाला. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीचे निदान झाले. पुढची चार वर्षे तो गात राहिला. बार्सिलोनाच्या माँतसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबरचा अल्बम त्याच काळातला. ब्रिटिश वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दाराशी टपलेले असत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

२४/
इतका उशीर का, असे विचारणाऱ्यांनी त्या वेळच्या आपल्याकडची एक घटना आठवावी. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही बाधित असल्याबद्दल सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी उचलले आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. मुंबई उच्च न्यायालयात लढा द्यावा लागला. डिसोझा मे १९९२ मध्ये गेला, फ्रेडीनंतर सहा महिन्यांनी. पैसा आणि कीर्ती असलेला माणूस गप्प का राहिला, याचे उत्तर पैसा आणि कीर्ती नसलेल्या माणसाच्या वाट्याला काय आले त्यात सापडते.

२५/
पश्चिम लंडनच्या दाहगृहात पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या. अग्नीला पवित्र मानणाऱ्या परंपरेत दहन बसत नाही, पण लंडनमध्ये दख्मा नाही. आयुष्यभर लपवलेले मूळ अंत्यविधीत असे उघड झाले. बोमी आणि जेर यांनी मुलाला फारोख म्हणूनच निरोप दिला.

२६/
त्यानंतर मालकीचे दावे सुरू झाले. भारताने ‘आपला’ म्हटले. झांझिबारला २००६ मध्ये त्याच्या साठाव्या जयंतीचा सोहळा ठरला तेव्हा एका इस्लामी संघटनेने, त्याच्या लैंगिकतेकडे बोट दाखवत, विरोध केला. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने पाचगणी एका-दोन वाक्यांत उरकली. तो आपल्याकडे प्रदर्शित झाला नोव्हेंबरमध्ये. कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. म्हणजे ज्याला आपण ‘आपला’ म्हणत होतो, त्याचे खासगी आयुष्य आपल्या कायद्याने तोवर गुन्हा ठरवले होते.

२७/
फेल्टममधल्या त्याच्या घरावर १ सप्टेंबर २०१६ रोजी निळी स्मृतिपाटी लागली. ब्रायन मे आणि बहीण काश्मिरा उपस्थित होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी आहे आणि त्याखाली, कंसात, फ्रेड बुलसारा. आई जेर तेव्हा हयात होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या.